पाटकऱ्याचा नातू

पांझरेच्या काठी, साक्री तालुक्यात एक गाव होतं. गावाच्या वरच्या अंगाला नदीवर जुना दगडी बंधारा होता. बंधाऱ्यातून पाट निघायचा आणि पाटाखालची सगळी जमीन चार फडांत वाटलेली होती. एका फडात एकाच जातीचं पीक घ्यायचं आणि वर्षागणिक ते फिरवायचं, असा रिवाज होता. गावातल्या बहुतेक घरांचा एकेक तुकडा प्रत्येक फडात असायचा. त्यामुळे पाणी आलं तर सगळ्यांकडे यायचं आणि आटलं तर सगळ्यांचं आटायचं. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचे आणि उरलेल्या पाण्यात सगळे भागवायचे. तीनशे-चारशे वर्षं पांझरेच्या खोऱ्यात ही फडपद्धत चालत आली होती.

फडाचा एक नियम फार जुना होता. आपल्या वावराला आपण पाणी द्यायचं नाही. त्यासाठी गाव पाटकरी नेमायचं. त्याच्यावर देखरेखीला हवालदार असायचा, राखणीला जागल्या असायचा. पाटकरी रात्री-अपरात्री कंदील घेऊन पाटावरून फिरायचा, वावरात पाणी सोडायला बारं मोडायचा, अडवायला बारं बांधायचा. सुगी झाली की गाव त्याच्या घरी धान्य पोचवायचं.

त्या गावात आप्पा नावाचे एक म्हातारे होते. त्यांनी उभी हयात पाटकरी म्हणून काढली होती. त्यांचं स्वतःचं वावर जेमतेम दीड बिघ्याचं होतं, पण गावात असं एकही वावर नव्हतं ज्याची तहान त्यांना ठाऊक नव्हती.

आप्पांच्या नातवाचं मन शेतीत रमलं नाही. तो धुळ्याला आला, आयटीआयमध्ये वायरमनचं काम शिकला आणि हायवेलगतच्या एका गल्लीत त्याने मोटार भरायचं दुकान टाकलं. जळालेली मोटार आली की तो ती खोलायचा, काळी पडलेली तार काढायचा, नवी कॉइल बसवायचा, व्हार्निश द्यायचा. हात चांगला होता. उन्हाळ्यात दुकानासमोर मोटारींची रांग लागायची. पावसाळा आला की दुकान सुनं व्हायचं आणि तो बाकावर बसून रस्त्याकडे बघत राहायचा.

त्याला वाटायचं, आपण इथेच अडकलो. आपली ओळख या गल्लीच्या पलीकडे नाही.

एका थंडीत त्याच्या कानावर आलं की जळगावला एक दिवसाची परिषद भरणार आहे. छोटे उद्योजक, व्यापारी, शेतकरी, कारागीर, शिक्षक असे सगळे येणार. नव्या कल्पनांवर भाषणं होणार, एकमेकांच्या ओळखी होणार. प्रवेशाला पाचशे रुपये होते. त्याने दोन दिवस विचार केला आणि पैसे भरले. मग छापखान्यात जाऊन दोनशे कार्डं छापून घेतली. कार्डावर त्याचं नाव होतं, दुकानाचं नाव होतं आणि मोटारीचं छोटं चित्र होतं.

जायच्या आधी तो आप्पांच्या पाया पडायला गावी गेला. आप्पा ओट्यावर ऊन खात बसले होते. त्याने त्यांच्या हातात एक कार्ड दिलं. आप्पांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं.

"कितला लोके येतीन?" त्यांनी विचारलं.

"पाचशे तरी येतील, आप्पा."

"जाय भाऊ," आप्पा म्हणाले. "पन कोनाले काय लागस, हाई ईचारी ये."

कुणाला काय लागतं ते विचारून ये. नातवाने मान हलवली. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं म्हणून ते ऐकलं आणि एसटी धुळ्याला पोचेपर्यंत विसरूनही गेला.

परिषदेच्या दिवशी तो पहाटेच्या गाडीने निघाला. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, गिरणेचा पूल आला आणि जळगाव आलं. सभागृहाच्या दारात गर्दी होती. प्रत्येकाच्या गळ्यात नावाची पट्टी आणि हातात कार्डं होती. त्यानेही आपली कार्डं काढली.

सकाळभर तो फिरत राहिला. कुणी नमस्कार केला की हा कार्ड द्यायचा. समोरचाही आपलं कार्ड द्यायचा. हा आपल्या दुकानाचं सांगायला लागायचा, समोरचा आपल्या धंद्याचं. दोघांचं बोलणं एकाच वेळी सुरू व्हायचं आणि एकाच वेळी संपायचं. मग दोघं हसून पुढच्या माणसाकडे वळायचे.

मंचावर एक निवृत्त शिक्षक बोलायला उभे राहिले. पांढरा सदरा, हळू आवाज. "आपल्या धुळ्याच्या तुरुंगात," त्यांनी सुरुवात केली, "एके काळी अशीच एक सभा भरत असे." धुळ्याचं नाव ऐकून हा थोडा थांबला. तेवढ्यात दाराशी चांगल्या कपड्यांतली चार माणसं आलेली त्याला दिसली. तो उठला आणि कार्डं घेऊन बाहेर गेला.

दुपारी जेवण होतं. भरताचे दिवस होते. जळगावच्या हिरव्या वांग्यांचं, काड्यांवर भाजलेलं भरीत होतं आणि सोबत कळण्याची भाकरी होती. त्याच्या शेजारी रावेरकडचा एक केळीवाला शेतकरी बसला होता. तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही मोटारीचं काम करता का? आमची मोटार या वर्षी दोनदा जळाली. केळीला उन्हाळ्यात एक दिवस पाणी चुकलं तरी चालत नाही. फार नुकसान झालं बघा."

"धुळ्याला आणा," हा म्हणाला. "दोन दिवसांत भरून देतो." त्याने शेतकऱ्याच्या हातात कार्ड ठेवलं, हात धुतले आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

संध्याकाळी दोनशेपैकी एकही कार्ड उरलं नव्हतं. त्याच्या खिशात लोकांच्या कार्डांचा जाड गठ्ठा झाला होता. परतीच्या गाडीत तो समाधानाने झोपला.

घरी पोचला तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. बायकोने ताट वाढलं आणि समोर बसली.

"अहो, काय ऐकून आलात?" तिने विचारलं.

त्याने गठ्ठा काढून दाखवला. तिने दोन-चार कार्डं वाचली.

"हे कोण आहेत?"

त्याला चेहरा आठवला नाही.

"बरं, भाषणं कशावर झाली?"

तो आठवू लागला. "एक शिक्षक होते. ते सांगत होते, धुळ्याच्या तुरुंगात एके काळी सभा भरायची."

"आपल्या धुळ्याच्या? मग पुढे?"

त्याला पुढचं काही सांगता आलं नाही. तो मुकाट्याने जेवला. बायकोनेही पुढे काही विचारलं नाही.

एक महिना गेला, दोन गेले. एकाही अनोळखी माणसाचा फोन आला नाही. होळी झाली, ऊन तापलं. कार्डांचा गठ्ठा दुकानातल्या फळीवर धूळ खात पडला. त्याच्या मनात कडवटपणा आला. अक्षय तृतीयेला, आखाजीला, तो गावी गेला तेव्हा आप्पांना म्हणाला, "पाचशे रुपये वाया गेले, आप्पा. तिथे सगळे आपलंच विकायला आले होते. कुणी कुणाचं ऐकत नव्हतं."

आप्पांनी त्याला दोष दिला नाही. रात्री जेवणं झाली तेव्हा त्यांनी काठी घेतली आणि म्हणाले, "चाल."

दोघं पाटावर गेले. चांदणं नव्हतं. पाटाला बोटभर पाणी होतं. आप्पा काठी टेकत पाटाच्या कडेने चालत राहिले. पहिलं वावर गेलं, दुसरं गेलं. पार शेवटच्या वावराशी ते थांबले. तिथली माती भेगाळली होती.

"मी पाटकरी होतो तेव्हा," आप्पा म्हणाले, "बारं मोडायच्या आधी रोज इथपर्यंत चालत यायचो. वरच्या वावरांना पाणी लागतं हे बंधाऱ्यावर उभं राहूनही कळतं. खालच्याला किती लागतं ते इथे आल्याशिवाय कळत नाही. पाट कुठे तुंबला, कुठे उंदराने बीळ पाडलं, कुठे दगड आडवा आला, हे चालल्यावरच दिसतं. एकदा सगळी वावरं पाहिली, की मग पाणी कुठे सोडायचं ते मला कुणाला विचारावं लागायचं नाही."

नातू ऐकत होता.

"तू तिथे गेलास," आप्पा म्हणाले, "आणि सरळ बारं मोडलंस. पाचशे वावरं होती. तू किती चाललास?"

नातू काही बोलला नाही. बराच वेळ दोघं तिथे उभे राहिले. मग तसेच परत आले.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात दुकानात काम भरपूर आलं. जळालेल्या मोटारी खोलताना नातवाच्या मनात एक गोष्ट घोळू लागली. मोटार का जळते ते त्याला पाठ होतं. रात्री वीज येते. एका डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या शेतकऱ्यांनी ऑटो स्विच लावलेले असतात, म्हणून सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात. डीपीवर भार पडतो, दाब उतरतो. दाब उतरला की मोटार जास्त करंट ओढते, वायंडिंग तापतं आणि जळून जातं. सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की धड पाणी कुणालाच मिळत नाही. हे तो वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना सांगत आला होता. त्या दिवशी हातात काळी तार धरून बसलेला असताना त्याला जळगावचं सभागृह आठवलं. पाचशे माणसं, एकाच वेळी सुरू झालेली.

पुढच्या थंडीत परिषद पुन्हा भरली. त्याने पुन्हा पाचशे रुपये भरले. या खेपेला त्याने कार्डं छापली नाहीत. कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशे पानी एक वही घेतली आणि एक पेन घेतलं.

सभागृहात पोचल्यावर त्याने आधी पांढऱ्या सदऱ्याचे ते शिक्षक शोधले. ते मागच्या रांगेत एकटेच बसले होते. याने त्यांना नमस्कार केला.

"सर, मागच्या वर्षी तुम्ही धुळ्याच्या तुरुंगाची गोष्ट सांगत होता. मी मधेच उठून गेलो. माझी ती अर्धी राहिली."

शिक्षकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"१९३२ साल होतं," ते म्हणाले. "स्वातंत्र्याची चळवळ चालू होती. धुळ्याच्या तुरुंगात विनोबा होते. आपले सानेगुरुजीही होते, अमळनेरच्या शाळेतले. कैद्यांनी विनोबांना गीतेवर बोलायला सांगितलं. २१ फेब्रुवारीला पहिलं प्रवचन झालं. मग दर रविवारी एक अध्याय. १९ जूनला अठरावा अध्याय संपला. अठरा रविवार, अठरा अध्याय. ऐकायला कैदी होते. विनोबांजवळ ज्ञान होतं, ते त्यांनी दिलं. पण त्या भिंतींच्या बाहेर ते कसं आलं?"

"कसं?"

"सानेगुरुजी लिहून घेत होते. ते स्वतः मोठे लेखक, पण त्या अठरा रविवारी त्यांनी आपलं काही सांगितलं नाही. दुसऱ्याचं उतरवून घेतलं. त्यातून 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालं. देशातल्या कितीतरी भाषांत ते गेलं. एक माणूस लिहीत बसला, म्हणून तुरुंगात बोललेलं घराघरांत पोचलं."

नातू रोज त्या तुरुंगावरून सायकलने जात असे. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने वही उघडली आणि पहिल्या पानावर ही गोष्ट लिहिली.

मग तो उठला आणि लोकांमध्ये गेला. या वेळी तो फार फिरला नाही. एखाद्याशी बोलायला लागला की नमस्कार करून एवढंच विचारायचा, "तुमच्या कामात सध्या काय अडलंय?" आणि गप्प राहायचा. पहिल्यांदा लोक बुजायचे. असं कुणी विचारत नसे. मग हळूहळू बोलायला लागायचे, आणि एकदा बोलायला लागले की थांबायचे नाहीत. हा वहीत लिहून घ्यायचा.

चोपड्याच्या एक ताई होत्या. त्या बचत गटातल्या बायकांबरोबर केळीचे वेफर्स करायच्या. माल चांगला होता. धुळ्याची दोन दुकानं घ्यायला तयार होती, पण एवढ्या थोड्या मालासाठी गाडी परवडत नव्हती. खोकी घरात पडून राहायची.

धुळ्याचाच एक टेम्पोवाला होता. तो आठवड्यातून दोनदा चोपड्याला किराणा माल टाकायचा आणि रिकामा परत यायचा. डिझेल सुटत नाही, म्हणून त्याला टेम्पो विकावासा वाटत होता.

दोघांची नावं वहीच्या समोरासमोरच्या पानांवर आली होती. नातवाने ती पाहिली, उठला, टेम्पोवाल्याला हाताला धरून ताईंच्या टेबलापाशी घेऊन गेला. "ताई, हे भाऊ मंगळवारी आणि शुक्रवारी चोपड्याहून रिकामे येतात," एवढंच तो म्हणाला आणि बाजूला झाला. त्यात त्याचा एक पैशाचा फायदा नव्हता.

दुपारी जेवणाला तोच रावेरचा शेतकरी भेटला. नातवाला लाज वाटली, पण तो त्याच्या शेजारी जाऊन बसला.

"दादा, मोटारीचं पुढे काय झालं?"

"तिसऱ्यांदा जळाली," शेतकरी म्हणाला. "तुमचं कार्ड होतं माझ्याकडे. पण रावेरहून धुळ्याला मोटार कोण घेऊन येणार, भाऊ? भाड्यातच मेलो असतो."

"केव्हा जळते? दिवसा की रात्री?"

"रात्रीच. वीज आली की थोड्या वेळात."

नातवाने भाकरी बाजूला ठेवली आणि वहीत चित्र काढून दाखवलं. दाब कसा उतरतो, तीनपैकी एक फेज गेला तर मोटार कशी घरघर करत तापते. "सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवून घ्या," तो म्हणाला. "फेज गेला की तो मोटार आपोआप बंद करतो. कॅपॅसिटर लावा. ऑटो स्विच काढून टाका. तुमच्या गावच्या वायरमनकडून करून घ्या, माझी गरज नाही. पण तुम्ही एकट्याने काढून उपयोग होणार नाही. डीपीवरच्या सगळ्यांनी काढला पाहिजे. पाळी लावून एकामागून एक मोटार सुरू करायची."

शेतकऱ्याने हात थांबवला. "म्हणजे तुम्ही तुमचंच गिऱ्हाईक कमी करताय."

"तुमची मोटार धुळ्याला येणारच नव्हती, दादा," नातू म्हणाला. "निदान ती चालू तरी राहू द्या."

शेतकरी थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आमच्या फैजपुराला १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. त्याआधी कधी ते खेड्यात भरलं नव्हतं. नेहरू अध्यक्ष होते, गांधीजी आले होते. नंदलाल बोसांनी सगळी सजावट केली, ती बांबू आणि खेड्यात मिळणाऱ्या साध्या सामानातून. आमचे म्हातारे सांगायचे, कुणी बैलगाडी दिली, कुणी बांबू दिले, कुणी नुसते हात दिले. ज्याच्याकडे जे होतं ते तो घेऊन गेला. आज तुमच्याकडे पाहून ते आठवलं."

नातवाने तेही लिहून घेतलं.

रात्री घरी पोचला तेव्हा बायकोने ताट वाढलं आणि समोर बसली. तिने काही विचारायच्या आधीच त्याने वही उघडली. तुरुंगाची गोष्ट त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. मग चोपड्याच्या ताईंची सांगितली, टेम्पोची सांगितली, फैजपूरची सांगितली. भाकरी गार झाली. बायको म्हणाली, "हे शेजारच्या वेल्डिंगवाल्या भाऊंना सांगा. त्यांनाही गाडीचं अडलंय."

म्हणून पुढच्या रविवारी त्याने दुकानासमोर सतरंजी टाकली. गल्लीतला वेल्डर आला, पंक्चरवाला आला, पापड लाटणाऱ्या दोन मावश्या आल्या, शिलाईकाम करणारी एक मुलगी आली. त्याने वही वाचून दाखवली. सगळं त्यांच्या कामाचं नव्हतं, पण प्रत्येकाला एखादी गोष्ट लागू पडली. वेल्डर म्हणाला, "पुढच्या वेळेस माझंही एक घेऊन जा तुमच्या वहीत." नातवाने त्याची अडचण लिहून घेतली. तेव्हापासून महिन्यातून एक रविवार सतरंजी पडू लागली.

फोन मात्र या वर्षीही वाजला नाही. पण आता नातू वाट बघत बसला नाही. त्याने वही काढली आणि स्वतः एकेकाला फोन लावला. "ते अडलं होतं, त्याचं पुढे काय झालं?" एवढंच विचारायचा. कुणाचं सुटलं होतं, कुणाचं नव्हतं. ज्याचं सुटलं नव्हतं त्याला आणखी कुणाचं तरी नाव सांगायचा.

उन्हाळ्याच्या तोंडी रावेरहून फोन आला. "भाऊ, मी सांगतो ते डीपीवरचे लोक ऐकत नाहीत. तुम्ही एकदा या." नातवाने एक दिवस दुकान बंद ठेवलं आणि गेला. केळीच्या बागेत अकरा शेतकरी बसले होते. त्याने त्यांना मोटारीचं सांगितलं आणि मग फडाचं सांगितलं. आमच्या पांझरेवर आपल्या वावराला आपण पाणी द्यायचं नाही असा नियम होता, तो म्हणाला. सगळ्यांनी एकदम बारं मोडलं तर पाट कोरडा पडतो. म्हातारे शेतकरी मान हलवू लागले. विजेचं गणित त्यांना परकं होतं, पाण्याचं नव्हतं. त्या दिवशी अकरा जणांनी ऑटो स्विच काढायचे ठरवले आणि पाळ्या लावल्या.

त्या उन्हाळ्यात त्या डीपीवरची एकही मोटार जळली नाही. पावसाळ्यात, दुकान सुनं असायच्या दिवसांत, त्या अकरा जणांनी आणि त्यांच्या पाव्हण्या-रावळ्यांनी नवे पॅनल बसवायचं काम धुळ्याच्या या मुलाला दिलं. चोपड्याच्या ताईंनी वेफर्स कापायच्या मशीनची मोटार त्याच टेम्पोतून त्याच्याकडे धाडली. नातू त्या पावसाळ्यात बाकावर बसला नाही.

पावसाळा सरल्यावर गावी गेला तेव्हा त्याने वही आप्पांसमोर ठेवली. आप्पांना वाचता येत नव्हतं. त्यांनी पानं उलटली, भरलेल्या ओळींवरून बोट फिरवलं.

"कितला वावरं झाया?" त्यांनी विचारलं.

"चाळीस, आप्पा."

आप्पा हसले. "पाट आता तुले म्हाईत झाया," ते म्हणाले आणि वही परत दिली.

तिसऱ्या थंडीत परिषदेला तो एकटा गेला नाही. टेम्पोत वेल्डर होता, दोन मावश्या होत्या, शिलाईवाली मुलगी होती. प्रत्येकाकडे एकेक वही होती. सभागृहाच्या दारात एक पोरगा उभा होता. नवे कपडे, हातात कार्डांचा नवाकोरा गठ्ठा, डोळ्यांत घाई. त्याने पुढे होऊन नातवाच्या हातात कार्ड दिलं आणि आपल्या धंद्याचं भराभर सांगू लागला. नातवाने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कार्ड नीट वाचून वहीत ठेवलं. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "भाऊ, तुमच्या कामात सध्या काय अडलंय?"

पोरगा थांबला. असं त्याला कुणी विचारलं नव्हतं.

परिषदा गावोगाव भरतात आणि भराव्यातच. दहा ठिकाणची माणसं एका छपराखाली आली की तिथे बंधाऱ्यासारखं पाणी साठतं. पण साठलेल्या पाण्याने पीक येत नाही. त्याला शेवटच्या वावरापर्यंत नेणारं कुणीतरी लागतं. तिथे जाणारा प्रत्येक जण आपली तहान घेऊन जातो, आणि त्यात काही गैर नाही. मात्र जो आधी दुसऱ्याची तहान विचारतो, ऐकलेलं लिहून घेतो आणि मागे राहिलेल्यांपर्यंत पोचवतो, त्याच्या हाती पाटाची वाट येते. मग सुगीच्या दिवसांत गाव त्याच्या घरी धान्य पोचवायला विसरत नाही.